आसाफाच्या हातातील झांज

शास्त्रवाचन : १ इतिहास १६:४-७, २५:१-८



शास्त्रातील काही अध्याय असे आहेत की, ते उपासनेत मोठ्याने वाचावयाचे झाल्यास वाचणाऱ्याच्या कपाळाला घाम फुटतो. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय हा त्यांपैकीच एक. नावांमागून नावे, चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या, आणि दर ओळीला बाराचा आकडा. आपल्यापैकी बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात. आम्हीही कित्येक वर्षे तसेच करीत आलो. पुढे एका नाताळात आमच्या गायनवृंदाची जी फजिती झाली, तिच्यामुळे हा अध्याय आम्हांला बसून, बोट ठेवून वाचावा लागला. ती हकीकत आधी सांगतो. कारण शब्बाथशाळा चालविणाऱ्या पुष्कळ बंधुभगिनींना ती आपल्याच घरची वाटेल.

आमचा भाग म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर. कारभाराने मध्य प्रदेश, बोलीने मराठी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ इकडून निघून मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. घरी मराठी, शाळेत बहुधा हिंदी, बाजारात दोन्ही, अशी आमच्या मुलांची रीत. संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते यांवर गावे जगतात. ख्रिस्ती घरे थोडी व विखुरलेली. अशा ठिकाणी उपासनेला पंधरावीस विद्यार्थी जमले आणि त्यांनी एकत्र गाइले, तर ती मोठीच गोष्ट समजावी. पण ही मुले बारावी झाली की नागपूरला, छिंदवाड्याला किंवा भोपाळला जातात. म्हणजे दर तीनचार वर्षांनी आमचा गायनवृंद चाळणीतल्या पाण्यासारखा गळून जातो. मोठ्या शहरातील मंडळ्यांना ही अडचण तितकीशी कळणार नाही. तेथे एक गेला तर दुसरा येतो. येथे एक गेला की त्याची जागा रिकामीच राहते.

आमच्या वृंदात एक मुलगा होता. गळा गोड, पेटीवर हात चांगला, चाल एकदा ऐकली की त्याच्या बोटांत बसे. गीत कोणते घ्यावयाचे ते तोच ठरवी, सूर तोच धरी, पहिले कडवे तोच म्हणे आणि शेवटचेही तोच. बाकीची मुले मागे उभी राहून धृपद तेवढे उचलीत. आम्ही शिक्षक फार खूष होतो. पाळकसाहेब नागपूरच्या पाहुण्यांसमोर त्याला पुढे करीत. तीन वर्षे आम्ही त्याची तारीफ केली, आणि त्या तीन वर्षांत दुसऱ्या एकाही मुलाला आम्ही कधी विचारले नाही की, बाबा रे, हे गीत तू सुरू करशील का?

तो बारावी होऊन नागपूरला गेला. नाताळाच्या आदल्या शनिवारी आम्ही सरावाला जमलो, तर पेटीच्या खोक्याला कुलूप, आणि किल्ली त्या मुलाच्या पिशवीतून नागपूरला गेलेली. शेवटी कोणीतरी शेजारून पेचकस आणला आणि बिजागरीच काढली. पेटी बाहेर आली, पण सूर कोणता धरावयाचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो काळी एकमध्ये गात असे की काळी दोनमध्ये, हे तीन वर्षे त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्यांना सांगता येईना. नाताळच्या सकाळी एका मुलीने धीर करून, जो सूर तोंडाला आला त्यात गीत सुरू केले. तो फार चढा होता. धृपद कसेबसे निभावले. अंतऱ्याला सर्वांचे आवाज फाटले, आणि दुसऱ्या कडव्याला गाणारे थांबत थांबत तिघे उरले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. त्या मुलीचे डोळे भरून आले, ते मात्र आम्ही पाहिले.

दोष तिचा नव्हता, आणि नागपूरला गेलेल्या त्या मुलाचाही नव्हता. आम्ही एक गवई तयार केला होता, पुढारी एकही तयार केला नव्हता. इतके दिवस आम्ही या दोन गोष्टी एकच समजत होतो.

आता शास्त्राकडे वळू या. कराराचा कोश यरुशलेमात आणल्यावर दाविदाने गायनसेवेची व्यवस्था लावली. सोळाव्या अध्यायात आसाफाला मुख्य नेमले आहे. त्याच्या हाताखालच्या लोकांनी वीणा व सारंग्या घेतल्या, दोघा याजकांनी कर्णे घेतले, आणि जो सर्वांचा मुख्य, त्या आसाफाच्या हाती काय होते? झांज. आमच्या मंडळीत कोणालाही विचारा, मुख्य माणसाने काय वाजवावे? पेटी, असेच उत्तर येईल. झांज आपण शेवटल्या रांगेतल्या पोराला देतो, ज्याला दुसरे काही येत नाही त्याला.

पण विचार करून पाहा. झांजेवर चाल वाजत नाही. ती वाजविणाऱ्याचा गळा कसा आहे हे तिच्यावरून कोणाला कळत नाही. तिचे काम एकच : पुढचा पाय केव्हा टाकावयाचा हे सर्वांना सांगणे. गाणारा धावू लागला तर ती त्याला आवरते, रेंगाळला तर ओढून घेते. झांज वाजविणाऱ्याला स्वतःचे ऐकत बसता येत नाही. त्याचा कान सतत दुसऱ्यांकडे लागलेला असतो. पुढारीपणाची याहून चांगली खूण आम्हांला सापडलेली नाही. आसाफाला गाता येत नव्हते असे नव्हे. बारा स्तोत्रांवर त्याचे नाव आहे. पण व्यवस्था लावली तेव्हा मुख्याने ताल सांभाळला आणि तारांची वाद्ये इतरांच्या हाती राहिली.

पंचविसाव्या अध्यायात व्यवस्था आणखी पुढे जाते. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील, शिकून तयार झालेल्या लोकांची संख्या दिली आहे : २८८. त्यांचे २४ गट केले, प्रत्येक गटात १२. आणि पाळी कोणाची कधी हे ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्या चिठ्ठ्यांत लहान व थोर, शिकविणारा व शिकणारा, असा भेद ठेवला नाही, हे तेथे मुद्दाम सांगितले आहे. आसाफाच्या मुलांच्या यादीत जक्कूर पहिला आणि योसेफ दुसरा. पण पहिली चिठ्ठी योसेफाची निघाली आणि जक्कूराची तिसरी. जक्कूराला काय वाटले असेल, ते शास्त्र सांगत नाही. घरात थोरला कोण हे चिठ्ठी पाहत नव्हती, एवढे मात्र खरे. शिष्याच्या गटाची पाळी गुरूच्या आधी येऊ शकत होती, आणि तशी आली तर गुरूने थांबावयाचे होते.

हेमानाविषयी एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. तो योएलाचा मुलगा आणि शमुवेलाचा नातू. योएल म्हणजे तोच, ज्याने न्यायाधीश असताना लाच घेतली आणि ज्याच्यामुळे लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला. अशा बापाचा मुलगा मंदिराच्या गायनाचा नायक झाला. आपल्या मंडळीत नेमणुका करताना 'तो कोणाचा मुलगा?' हा प्रश्न किती वेळा पहिला येतो, ते ज्याने त्याने आठवावे. हेमानाला चौदा मुलगे व तीन मुली होत्या असेही तेथे लिहिले आहे.  गाणाऱ्यांच्या यादीत त्या आल्या आहेत.

कोणी म्हणेल, ही तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तर आपल्याच मुलखातला, जवळच्या काळचा दाखला घेऊ. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मले. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास ठेवले. त्या काळी विद्या गुरूच्या मर्जीवर चाले. गुरू द्यावयाचा तेव्हा देई, आणि पुष्कळदा स्वतःबरोबर घेऊन जाई. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गाणाऱ्यांबरोबर गाणे शिकविणारेही तेथे तयार करावयास घेतले. निवडक विद्यार्थ्यांना जवळ ठेवून घेत, आणि पुढे त्यांनी गावोगाव जाऊन इतरांना शिकवावे अशी अट असे. ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचेच शिष्य. त्यांना पलुस्करांनी १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख करून पाठविले. तेव्हा ओंकारनाथांचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

१९०८ साली पलुस्करांनी मुंबईस विद्यालय सुरू केले, मोठी इमारत बांधली, तिच्यापायी कर्ज झाले आणि अखेर ती इमारत हातची गेली. व्यवहाराच्या हिशेबाने हे अपयशच. ते १९३१ साली मिरजेस वारले. पण त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. प्रोफेसर देवधरांचे मुंबईतील विद्यालय तर १९२५ पासूनच चालू होते. आज लहान लहान गावांतील मुलेमुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात, ती त्याच मंडळाची घडी. इमारत गेली, पण शिकविणारी माणसे गावोगाव पोहोचली होती. आमची पेटी मात्र जाग्यावर होती, फक्त किल्ली नव्हती, आणि तेवढ्याने आमचा नाताळ बुडाला.

त्या नाताळानंतर आम्ही काय केले ते सांगतो. फार मोठे काही केले नाही.

आधी आम्ही शेजाऱ्यांकडे पाहिले. आमच्या भागात खंजिरी भजनाची मंडळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवर भजने म्हणून विदर्भातील गावे जागी केली, त्यांची ही परंपरा. संध्याकाळी अशा मंडळाजवळून जाताना आम्ही पुष्कळदा थांबलो आहो. खंजिरीवाल्याच्या शेजारी एखादे सातआठ वर्षांचे पोर बसलेले असते. आज ते नुसत्या टाळ्या वाजविते. काही महिन्यांनी त्याच्या हाती टाळ असतो. पुढे एके दिवशी खंजिरीवाला मध्येच थांबतो, त्याच्याकडे मान वळवितो, आणि ते कडवे ते पोर म्हणते. चुकले तरी कोणी थांबवीत नाही, मागचे लोक सांभाळून घेतात. दुसऱ्याच्या अंगणातून शिकण्यात आम्हांला कमीपणा वाटला नाही. आपली भक्तिगीतेही अशीच आली आहेत. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तने केली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे आपल्या मातीतले प्रकार प्रभूच्या सेवेला लावले. नाहीतर आपण अजून परदेशी चालींतच अडखळत असतो. टिळकांना तरुण माणूस ओळखण्याची दृष्टी होती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे नावाचा सतरा वर्षांचाही नसलेला मुलगा पुढे आला, त्याला त्यांनी नगरला आपल्या घरी नेऊन ठेवले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागविले. तेच आपले बालकवी.

तेव्हा आम्ही एक वही केली. प्रत्येक गीताला एक पान. त्यावर सूर लिहिला, ताल लिहिला, आणि खाली 'सुरू कोण करणार' अशी एक ओळ रिकामी ठेवली. त्या ओळीत एकच नाव सलग दोनदा येऊ द्यावयाचे नाही, असे ठरले. पेटीच्या किल्ल्या दोन करविल्या. आणि ही वही सांभाळण्यास आम्ही ज्या मुलीला निवडले, ती नाताळच्या दिवशी चढ्या सुरात अडकलेली ती नव्हे. ती होती मागच्या रांगेत झांज धरणारी, नववीतली, फारसे न बोलणारी. तिचा गळा साधारण. पण त्या फजितीच्या सकाळी शेवटपर्यंत जे तिघे गात राहिले त्यांत ती होती, आणि तिची झांज एकदाही चुकली नव्हती. आसाफाचा अध्याय वाचला नसता तर तिच्याकडे आमचे लक्ष गेले नसते.

नव्या पुढाऱ्याकडून पहिल्या दिवसापासून सर्व काही चांगलेच होते असे मात्र कोणी समजू नये. तिने पुष्कळ गोष्टी चांगल्या केल्या. गीताचे शब्द आधी वाचावयाचे, मग हातांनी ताल धरावयाचा, मग सूर, हा क्रम तिनेच पाडला. सातवी-आठवीतल्या एका मुलाचा आवाज फुटू लागला होता. तो लाजून येईनासा होण्याच्या बेतात होता. मुलगे असे हकनाक गळतात, आणि आपण म्हणतो, त्याला गोडी राहिली नाही. तिने त्याला सांगितले की, वर्षभर गाऊ नकोस, ढोलक शिक. तो ढोलक शिकला.

पण वही हातात आल्यावर तिला थोडी धारही आली. दहावीतला एक मुलगा सरावाला सतत उशिरा येई. संत्र्याची तोड चालू होती. बापाबरोबर तो बागेत जाई, पेट्या भरी आणि तसाच सायकलवरून येई. एका शनिवारी तो अर्धा तास उशिरा आला, तेव्हा तिने सर्वांदेखत वहीतून त्याचे नाव खोडले. तो काही बोलला नाही. सायकल वळवून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी त्याची आई एकटीच येऊ लागली.

आम्हांला वाटले, आपणच जाऊन त्याला समजवावे. मग थांबलो. चुकलेल्या तालाची दुरुस्ती ज्याने झांज वाजविली त्यानेच करावी लागते. आम्ही तिला जवळ बसवून मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला. उजवीकडे व डावीकडे बसण्याची जागा मागणारे दोघे भाऊ, आणि त्यांच्यावर रागावलेले बाकीचे दहा. ती म्हणाली, "बाई, वेळ पाळायला सांगणं चूक आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही. पण तो उशिरा का येतो, हे तू विचारलंस का?" तिने विचारले नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हीही विचारले नव्हते.

ती त्याच्या घरी गेली. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या दोन वेळी तो बाहेरच आला नाही. तिसऱ्या वेळी ती घरी न जाता बागेत गेली आणि संध्याकाळपर्यंत संत्री निवडीत बसली. काय बोलणे झाले ते तिने आम्हांला सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. सरावाची वेळ मात्र तिने पाचऐवजी साडेसहा केली. तोडीचा हंगाम संपेपर्यंत ती तशीच राहिली, आणि काही पालकांची त्याबद्दल तक्रारही आली. तो मुलगा ईस्टरच्या आधी परत आला. पूर्वीइतके मोकळे गाणे त्याच्या तोंडून आम्ही अजून ऐकलेले नाही. काही गोष्टी क्षमा झाल्यावरही लगेच भरून येत नाहीत. तिला ते ठाऊक आहे. वहीतील ते खोडलेले नाव तिने तसेच ठेवले आहे, पान बदललेले नाही.

आणखी एक झगडा होता, तो भाषेचा. आमची मुले हिंदी शाळेत शिकतात. त्यांना मराठी गीत वाचता येते, कारण लिपी एकच. पण 'ळ' त्यांच्या जिभेवर येत नाही, आणि नाताळच्या गीतांत तर पावलोपावली बाळ. वडीलधाऱ्यांना ते खटके. मुलांना वाटे, हिंदी गीते घ्यावी, म्हणजे कटकट नाही. दोन तट पडण्याची वेळ आली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि त्यासाठी पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर गोटमार करतात. दरवर्षी किती डोकी फुटतात ते सर्वांना ठाऊक आहे. देवाच्या घरात गीतांच्या निवडीवरून तसलीच गोटमार, फक्त शब्दांची, आम्ही होताना पाहिली आहे. या मुलीने युक्ती केली. मंडळीतील सर्वांत खोडकर जिभेच्या आजींनाच तिने सरावाला बोलावून आणले. आजी पुढे बसत, आणि मुलगा चुकला की म्हणत, "बाल नोको म्हनू रे पोरा, बाळ म्हन!" पोरे हसत, पुन्हा म्हणत. महिन्याभरात 'ळ' बसला. आणि आजींनी दोन हिंदी गीते पाठ केली, ती आता स्वयंपाक करताना गुणगुणतात, असे त्यांची सून सांगते.

येथे मंडळीच्या वडिलांशी आम्हांला थोडे बोलावयाचे आहे. नहेम्याच्या शेवटच्या अध्यायात असे आहे की, लेवी व गाणारे यांचे वाटे त्यांना मिळेनात, तेव्हा ते मंदिर सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. नहेम्याने रागे भरले ते गाणाऱ्यांना नव्हे, अधिकाऱ्यांना. आपल्या मुलांना आपण काय वाटा देतो? सरावाला येणाऱ्याचे बसभाडे, ढोलकाची पुडी, पेटीची दुरुस्ती, हिवाळ्याच्या संध्याकाळी कपभर चहा आणि मुलींना घरी पोहोचविण्यास एखादा मोठा माणूस, याहून अधिक कोणी मागत नाही. वर्षाच्या अंदाजपत्रकात गालिचासाठी रक्कम असते, यासाठी नसते. आम्हीही त्या कमिटीवर बसलो आहो, म्हणून हे बोलण्याचा धीर करतो.

आणि जे पुढारी आपली पाळी संपवून बाजूला होतात, त्यांचे काय? गणनेच्या आठव्या अध्यायात लेव्यांविषयी नियम आहे की, पन्नास वर्षांचा झाल्यावर त्याने सेवेचे काम सोडावे, पण निवासमंडपाशी आपल्या भावांना साहाय्य करावे. काम सोडावयाचे, माणसे सोडावयाची नाहीत. हे लिहिण्यास सोपे आहे. ज्याने पेटी एकदा हाती धरली, त्याला तिच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसणे किती जड जाते, ते आम्ही पुढच्याच नाताळात पाहिले.

नागपूरला गेलेला तो मुलगा सुटीत परत आला. सर्वांना आनंद झाला. सरावाच्या वेळी तो सवयीने सरळ पेटीपाशी जाऊन बसला आणि त्याने भाता उघडला. तेथे बसणारी सातवीतली मुलगी अर्धी उठली. कोणी काही बोलेना. त्याने सूर धरला, तो वहीतल्याहून निराळा होता, आणि म्हणाला, "या गीताला हाच सूर बरा." आम्ही कोपऱ्यात उभे होतो आणि, कबूल करतो, आम्हांलाही क्षणभर वाटले की वाजवू द्यावे, उद्या नाताळ आहे, गाणे तरी चांगले होईल.

वही सांभाळणारी मुलगी उठली. "दादा, या पानावर ह्या वेळी तिचं नाव आहे," ती म्हणाली. "आणि त्या सुरात लहान मुलांना अंतरा पोचत नाही." मग तिने आपल्या हातातली झांज त्याच्यापुढे धरली. तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग हसला आणि म्हणाला, "अगं, मला झांज कधी कोणी शिकवलीच नाही." "आम्हांला पेटी तरी कुठे शिकवली होती," ती म्हणाली.

तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी तो दोनदा तालाला चुकला, आणि दोन्ही वेळा शेजारच्या लहान मुलाने त्याला कोपराने ढोसले. ती मुलगी आता बारावीत आहे आणि पुढे परिचारिकेच्या शिक्षणाला छिंदवाड्याला जावयाचे म्हणते. वही तिने गेल्या महिन्यात दुसऱ्याच्या हाती दिली. ढोलक वाजविणारा तो मुलगा, त्याचा आवाज आता बसला आहे. त्याच्याकडे वही आहे, आणि तिची दुसरी किल्ली संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या मुलाकडे.